लिबसी गेल्यावर काय उरतं

दुसऱ्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हा आमचा धंदा, ऑफिस महापे एमआयडीसीत. मध्यंतरी एका क्लायंटच्या जुन्या सेंटओएस ७ (लिनक्सचीच एक जात) मशीनवर कुठल्याशा इन्स्टॉलरने लिबसीची, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या सी लायब्ररीची, सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) उडवली. आमच्याकडचा नवा मुलगा किंचाळलाच, "मॅडम, एलएससुद्धा चालत नाहीये!"

"ती विंडो बंद करू नकोस," मी आधी एवढंच म्हटलं.

फायली दाखवणारा एलएस, कॉपी करणारा सीपी, हलवणारा एमव्ही, लिंक जोडणारा एलएन हे तिथे सगळे डायनॅमिक, म्हणजे लिबसी पोटात न ठेवता बाहेरून घेणारे. सुरू होताना लिबसी शोधायची, नाही सापडली की तिथेच मान टाकायची. एसएसएचने दुरून नवं लॉगिनही होत नाही, कारण ते लॉगिन देणारा एसएसएचडी प्रत्येक जोडणीला स्वतःला नव्याने एक्झेक करतो, म्हणजे पुन्हा सुरू करतो. आधीपासून उघडा असलेला बॅश (आज्ञा घेणारा शेल) मात्र लिबसी मेमरीत घेऊन बसलेला असतो. त्याचं सीडी चालतं, एकोपुढे चांदणी दिली की फायलींची नावंही दिसतात. पण तुटलेली लिंक जोडायला एलएन हवा, आणि एलएनला लिबसी हवी!

अशा वेळेसाठीच ग्लिबसीसोबत (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) एसएलएन येतो: स्टॅटिक, म्हणजे लिबसी पोटातच घेऊन बांधलेला, बारकासा एलएन. एक ओळ टाइप केली, मशीन परत बोलायला लागलं.

"मग सगळंच स्टॅटिक का नाही ठेवत?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ओपनबीएसडी या युनिक्सवाले बिन आणि एसबिन (मूळ आज्ञांच्या डिरेक्टरी) आजही स्टॅटिकच ठेवतात. त्याच्याच भावकीतल्या फ्रीबीएसडीने जानेवारी २००४ मध्ये, ५.२ आवृत्तीत, ते डायनॅमिक केले. डिस्कची बचत होतीच, पण मला पटतं ते दुसरं कारण: युजरची नावं एलडॅपसारख्या मध्यवर्ती यादीतून आणायची तर एनएसएसची (नावं शोधून देणारी) मॉड्यूल चालू प्रोग्रामात लोड करावी लागतात, आणि पूर्ण स्टॅटिक शेलला ते जमत नाही. मात्र त्याच लोकांनी रेस्क्यू नावाची डिरेक्टरीही दिली. क्रंचजेनने (अनेक प्रोग्राम एकात बांधणारं हत्यार) बांधलेली एकच स्टॅटिक बायनरी, तिलाच हार्डलिंकने माउंट, एफएससीके, व्हीआय अशी ढीगभर नावं. या सगळ्या वादात इतका शहाणपणाचा तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही.

सरसकट स्टॅटिकला माझा विरोध पॅचमुळे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ग्लिबसीच्या गेटअ‍ॅड्रइन्फोमधली (नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन) सुरक्षेची भानगड बाहेर आली, तेव्हा एक पॅकेज बदलून सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की काम होत होतं. स्टॅटिक प्रोग्राम मात्र एकेक करून पुन्हा बांधावे लागतात. कुठल्या बायनरीच्या पोटात कुठली जुनी लिबसी आहे, याची वही कोण ठेवतं?

म्हणून रोजची हत्यारं डायनॅमिक, आणि रूटच्या होममध्ये बिझीबॉक्सची (अनेक छोट्या आज्ञा एकाच फाइलीत) एक स्टॅटिक प्रत. नावावर जाऊ नका, एलडीडी लावून बघा, प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी लागतात ते तो सांगतो. अल्पाइन लिनक्सचा नेहमीचा बिझीबॉक्स मसलला (तिथली लिबसी) डायनॅमिक जोडलेला असतो, स्टॅटिकचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. २०२१ च्या ग्लिबसी २.३४ पासून लिबसी ही सिमलिंक नसून थेट फाइलच असते. ती फाइलच गेली तर एसएलएन कशाला काय जोडणार? तेव्हा दुसऱ्या मशीनवरून लिबसी ओढून आणायला बिझीबॉक्समधला डब्ल्यूगेट लागतो.

आणि हो, प्रत ठेवतानाच तिला एक्झिक्यूट परमिशन देऊन ठेवा. परमिशन बदलणारा सीएचमोडही डायनॅमिकच असतो.