थीम गार्डन नागपुरात लावताना: आधी माती, मग फलक

कॅक्टसची बाग, कमळकुंड, नक्षत्रवन, फुलपाखरांची बाग, गुलाबवाटिका. सार्वजनिक उद्यानाच्या आराखड्यात ही नावं आधी ठरतात आणि कोणती बाग कुठे बसवायची ते उरलेल्या जागेवरून ठरतं. नागपुरात हा क्रम उलटा हवा. सेमिनरी हिल्ससारख्या टेकडीच्या जागी थोडं खणलं की मुरूम लागतो, पाणी थांबत नाही. सखल भागात मात्र खोल काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते. एकाच उद्यानात दोन्ही प्रकार सापडू शकतात, म्हणून प्रत्येक बागेची जागा आधी तपासावी.

तपासणी सोपी आहे. दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर तिथे खड्डा खणून झाड लावण्यात अर्थ नाही. खड्ड्यात रेती आणि खत भरलं तरी चारी बाजूंना चिकणमातीच राहते, आणि श्रावणात त्याची विहीर होते. तिथे जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच वाफेच करायला हवेत.

कॅक्टसची बाग सगळ्यांत जास्त याच कारणाने फसते. कॅक्टस नागपूरच्या उन्हाने मरतात असं वाटतं, पण बहुतेक मरतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, बुंध्याशी कुजून. उंच वाफ्यात निम्मी जाड रेती (कन्हानची चाळलेली असेल तर उत्तम), पाव हिस्सा विटांचे तुकडे आणि पाव हिस्सा जुनं पालापाचोळ्याचं खत घालावं. क्रशरची बारीक भुकटी रेतीच्या जागी वापरू नये, ती पाण्याने बसून सिमेंटसारखी घट्ट होते. बुंध्याभोवती दोन इंच गिट्टीचा थर द्यावा. जून ते सप्टेंबर वर पारदर्शक छप्पर हवं, बाजू मात्र पूर्ण उघड्या. बाजू बंद केल्या की आत दमटपणा साचतो आणि बुरशी येते. ऊनही अगदीच निरुपद्रवी नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, गोल कॅक्टसची पश्चिमेकडची बाजू पांढरट भाजते आणि तो डाग जात नाही. एप्रिल-मेमध्ये तीस ते पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी.

नक्षत्रवनाचा मोठा घोळ अंतराचा आहे. प्रत्येक नक्षत्राचं एक, अशी सत्तावीस झाडं गोलात लावायची पद्धत आहे. पंधरा मीटर व्यासाच्या गोलात लावली तर दोन झाडांत जेमतेम पावणेदोन मीटर राहतात. त्या ओळीत मघाचा वड, पुष्याचा पिंपळ, कृत्तिकेचा उंबर, उत्तरा फाल्गुनीची पायर. काही वर्षांत हे चौघे बाकीच्यांना खाऊन टाकतात. सहा-सहा मीटर अंतर ठेवायचं तर गोलाचा व्यास सुमारे बावन्न मीटर होतो, आणि वडाला तेही अपुरंच. एवढी जागा नसेल तर गोलाचा हट्ट सोडावा. हे चार मोठे वृक्ष गोलाबाहेर पश्चिमेला लावावेत, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हापासून नाजूक झाडांना आडोसा मिळतो. पायवाट आणि कुंड त्यांच्यापासून निदान पंधरा मीटर दूर ठेवावं, कारण वड-पिंपळाची मुळं फरशी उचलतात आणि हौदाला चीर पाडतात.

यादीतली कितीतरी झाडं विदर्भाचीच आहेत: रेवतीचा मोह, पूर्वा फाल्गुनीचा पळस, मृगाचा खैर, भरणीचा आवळा, स्वातीचा अर्जुन. ती दोन उन्हाळे सांभाळली की पुढे फार मागत नाहीत. अडचण येते ती ओलसर जंगलातल्या झाडांची. कृष्णागरू, नागकेशर आणि वेत मे महिन्याच्या कोरड्या झळांत पानांच्या कडांपासून वाळतात. वेत कुंडाच्या सांडव्याजवळ, सावलीत लावावा. कृष्णागरू आणि नागकेशर आधी दोन-तीन वर्षं जाळीखाली मोठ्या कुंडीत वाढवून मग जमिनीत घालावेत. श्रवणाच्या रुईला याच्या उलट भर ऊन आणि कोरडी जागा लागते.

आता संत्रा. नागपूरच्या उद्यानात लिंबूवर्गीय झाडांची स्वतंत्र बाग नसणं ही मोठी उणीव आहे. केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था याच शहरात, नागपुरी संत्र्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन, आणि शहरातल्या मुलांना कलम (वरचं, फळ देणारं झाड) आणि खुंट (ज्याच्या मुळांवर ते बांधतात) वेगळे असतात हे दाखवायला जागा नाही! संत्रा, लिंबू, मोसंबी, पपनस, महाळुंग, शिवाय रंगपूर लिंबू आणि जंबेरी हे दोन खुंट, एवढी झाडं पुरेत. अंतर सहा बाय सहा मीटर. खुंट निवडताना रंगपूर लिंबू घ्यावा, मुळकुजीपुढे तो जंबेरीपेक्षा जास्त टिकतो. कलमाचा सांधा जमिनीच्या वर किमान वीतभर राहिला पाहिजे. तो मातीत गेला की बुंध्यातून डिंक गळू लागतो. हाच डिंक्या. साल तपकिरी होते, खरवडली तर खालचा भाग कुजलेला दिसतो, आणि रोगाने बुंध्याला पूर्ण वेढा घातला की झाड गेलं.

उपाय दोन. पाणी दुहेरी आळ्यानेच द्यावं: बुंध्याजवळचं आतलं आळं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. आणि पावसाळ्याआधी व नंतर असं वर्षातून दोनदा बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावं. मलमासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून दहा लिटर पाण्यात एकत्र करावं. लोखंडी भांडं चालत नाही.

उद्यानासाठी आंबिया बहार धरावा. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा फिरायला येणारे लोकही जास्त असतात आणि सगळी वाट सुगंधी होते. त्यासाठी डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून ताण दीड-दोन महिने लागू शकतो. पाव हिस्सा पानं गळली की ताण पुरा झाला असं समजावं. शेजारी लॉन असेल तर हे सगळं फसतं. लॉनचे स्प्रिंकलर रोज आळ्यात पाणी टाकतात, ताण बसत नाही आणि झाडं नुसती पालवत राहतात. लॉन आणि संत्रा यांच्यात रुंद, कोरडी मुरुमाची वाट हवी.

फुलपाखरांची बाग मात्र या संत्र्यांपासून दूर ठेवावी. लिंबावरची जी अळी फुलपाखरांच्या बागेत पाहुणी, ती संत्र्याच्या कोवळ्या कलमांची कीड. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी. हात लावला तर डोक्यामागून लाल किंवा केशरी शिंगासारखा अवयव बाहेर काढते. 2015 पासून राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं. म्हणून फुलपाखरांच्या बागेत नुसत्या झिनिया आणि पेंटासच्या फुलांवर भागत नाही. अळ्यांसाठी कढीपत्ता, लिंबू, रुई, पानफुटी, ईश्वरी, बहावा लावा. रुईवर प्लेन टायगर येतं, पानफुटीवर रेड पिएरो. माळ्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की इथे पानं कुरतडलेली असणं म्हणजे काम नीट चाललंय. त्याला ते पटलं नाही तर तो फवारणी करतो, आणि बाग रिकामी होते.

कॅक्टसला नको असलेली काळी माती कमळाला हवी असते. रुंद तोंडाच्या, भोक नसलेल्या टबात वीतभर काळी माती, त्यावर एक-दीड फूट पाणी, आणि रोज सहा तास ऊन. ताजं शेण घालू नये, पाणी हिरवं होतं. मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर तरी पाणी उडतं, ते भरत राहावं. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर करावी, फुलं पंचेचाळीस-पन्नास दिवसांत येतात. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खताचा डोस वाढवू नका. जमिनीतला चुना लोह अडवतो, म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकूनही उपयोग होत नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पालवी हिरवी निघाली की थांबावं. जुनी पिवळी पानं बहुधा पूर्ण हिरवी होत नाहीत.