कासेची सोनोग्राफी: पाऊण तास आणि एक ग्लास पाणी

मागच्या डाव्या सडाच्या पहिल्या धारांत गुठळ्या यायला लागल्या म्हणून कासेची सोनोग्राफी करायची ठरली. मशीन मिळालं, डॉक्टर आले, गाय बांधली. इथवर काही अडलं नाही.

मग पाऊण तास आम्ही पडद्यावर राखाडी धुरळा पाहिला. कासेवर केस, केसांत हवा, आणि हवा आली की ध्वनिलहरी तिथूनच माघारी. केस कातरले, कास धुतली, जेल थापलं. कास दिसायला लागली, पण सड काही दिसेना. प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) टेकवला की सड चपटा आणि आतली पोकळी मिटलेली. हात हलका केला की चित्रच गायब. त्यात गार जेल लागलं की गाय पाय झाडायची. दुसऱ्या झटक्याला बाटली शेणात. मी ओरडलो, झालं, तिने पान्हा चोरला! घाबरलेल्या गाईत अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं, हे मला ठाऊक होतं. तोंडावर ताबा नव्हता एवढंच.

शेवटी डॉक्टरांनी प्लास्टिकचा पातळ ग्लास कोमट पाण्याने भरला, सड त्यात बुडवला आणि बाहेरून जेल लावून प्रोब ग्लासला टेकवला. अख्खा सड पडद्यावर! मधे काळं ते दूध, भोवती करडी भिंत, टोकाला जेमतेम सेंटीमीटरभर नळी. शेजारच्या सडात काळं कुळकुळीत, या सडात त्याच काळ्यात पांढरे ठिपके तरंगत होते. हा ग्लास पाऊण तास आधी का निघाला नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

हो, हे सगळं धार काढण्याआधी करा. सड रिकामा असेल तर बघायचं काय?

आणि दुधाचा नमुना त्याही आधी, सडाचं टोक निर्जंतुक करून घ्या. मला वाटलं होतं मशीनच सगळं सांगेल. ते गुठळ्या, सुजलेली भिंत, अडलेली नळी दाखवतं. दुधातल्या पेशी मोजत नाही. मिलिलिटरला 2 लाखांच्या वर पेशी म्हणजे कासदाहाचा, म्हणजे कासेच्या सुजेचा संशय, आणि तो आकडा दुधाच्या तपासणीतूनच येतो. जंतू कोणता, तेही तिथेच कळतं.

जेल नीट पुसायला मात्र विसरलो. संध्याकाळी धारेला बसलो तर सड हातातून निसटत होते.