देवघरात टपकत होतं, घर मात्र ओसरीकडून खचत होतं

रोहिणीच्या शेवटी वावधान, म्हणजे वादळी वारा, झालं आणि सोबत आलेल्या पावसात दारव्हा तालुक्यातल्या एका जुन्या घराचं देवघर भिजलं. पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कवेलू (कौलं), समोरच्या ओसरीवर मागाहून चढवलेले टिन. छप्पर दुरुस्तीला मी पोहोचलो तेव्हा घरातल्या मुलाचा बेत ठरलेला होता: कवेलू उतरवून सगळ्या घरावर टिन टाकायचे. आजी म्हणाल्या, "दरसाली डांबर लावतो भाऊ, तरी इथूनच पाणी येऊन रायलं."

इथून म्हणजे जिथे थेंब पडतो तिथून. पाणी मात्र वाशाच्या पोटाला धरून उताराने चालत येतं आणि एखादी गाठ किंवा खिळा आडवा आला की सुटतं. म्हणून माळ्यावर चढून, दार लावून अंधार केला. उजेडाचे ठिपके दिसले, पण त्यांच्यावर मी जात नाही. कवेलूच्या सांध्यातून उजेड येतोच, पाणी येईलच असं नाही. पाहायचा तो वाशावरचा ओघळ. पांढरट कडेचा सुका ओघळ जुना. काळपट, बोटाला गार लागणारा ताजा. देवघरावरचा ताजा ओघळ थेट आढ्यापर्यंत गेला होता, चांगला सहा फूट वर.

आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरचे कवेलू, नुसत्या सिमेंट-रेतीच्या कडक मालात बसवलेले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. कडक माल त्याच्यासोबत हलत नाही, चिरतो. दरसालचं डांबर त्या चिरेवर नव्हतंच, खालच्या ओळींवर थापलेलं होतं, आणि त्यानं कवेलूंच्या नाळ्याच बुजल्या होत्या. त्यामुळे वाहून जाणारं पाणी आडवं फुटत होतं.

हे काम सोपं होतं. खरी गोष्ट ओसरीकडच्या भिंतीत निघाली, जिच्याबद्दल कोणी बोललंही नव्हतं, कारण तिथे टपकत नव्हतं. भिंतीवर उधईच्या (वाळवीच्या) मातीच्या नळ्या होत्या, बोटाएवढ्या जाड, जमिनीपासून वाशापर्यंत. वाशाच्या टोकावर हातोडी मारली तर आवाज भद्द आला. पेचकस दाबला तर दोन इंच आत गेला. लागून तीन वासे असेच, आणि तिथला पाखा, म्हणजे छपराचा उतार, खाली बसलेला.

उधई आली ती ओलीमुळे, आणि ओल आली टिनामुळे. ओसरीत उभं राहता यावं म्हणून टिन लावताना पुढची लाकडी बल्ली उंच धरली होती. दहा फुटांच्या टिनाला उतार जेमतेम सहा इंच. एवढ्या लांबीला निदान २० इंच लागतो. वरून टिन कवेलूखाली फक्त चार इंच घुसवलेलं. वाऱ्याचा पाऊस आला की पाणी टिनावरून उलटं चढायचं आणि मातीच्या भिंतीच्या डोक्यावर मुरायचं. खिळेही टिनाच्या खोलगट नाळीत ठोकलेले, जिथून पाणी वाहतं. दहा फुटी टिन दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात दोनेक मिलिमीटर लांबतं-आकसतं. वर्षं गेली की खिळ्याचं भोक लांबट होतं.

मुलाला टिनाचं नाही म्हटलं. टिन हलकं, वावधानात ते उचललं जातं. धरून ठेवायला बोल्टाला भिंतीत पकड हवी आणि मातीच्या भिंतीत ती नसते. कवेलू आपल्या वजनानंच बसतात. एका ब्रासला (शंभर चौरस फुटांना) दीडशेच्या आसपास कवेलू, म्हणजे तीनशे किलोंच्या वर.

पण वासे दुरुस्त करायचे तर तेवढंच वजन आधी उतरवावं लागतं. कोने काढून आढ्यापासून खाली येत त्या पाख्याचे कवेलू काढले. प्रत्येकाला टिचकी मारली: खणखणीत तो ठेवायचा, फुटका वाजला तो बाजूला. मग वाशांखाली आडवी बल्ली धरून दोन उभ्या बल्ल्या दिल्या आणि खाली पाचरी ठोकत पाखा हळूहळू उचलला. घाई केली तर मातीची भिंत तडकते. कुजकं टोक खणखणीत लाकूड लागेपर्यंत कापलं, शेजारी सागाचा जोड लावला, चांगल्या वाशावर तीन फूट चढवून, १२ मिलिमीटरच्या तीन बोल्टांनी, दोन्हीकडे वॉशर. टोक पुन्हा मातीत गाडलं नाही. खाली शहाबादी फरशीचा तुकडा दिला आणि भोवती हवा खेळायला जागा सोडली. नळ्या खरवडून भिंतीच्या बुडाशी क्लोरपायरीफॉस २० ईसी हे उधईचं औषध सोडलं, एक लिटरला १९ लिटर पाणी. हातमोजे घालूनच, आणि विहिरीजवळ नाही.

रिपांचं, म्हणजे कवेलू ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर ऐकीव मापानं ठरवू नये. कारखान्यागणिक कवेलू वेगळा असतो. दोन कवेलू एकमेकांत अडकवून मागच्या खुंट्यांमधलं अंतर मोजलं, तेवढ्यावर रिपा मारल्या. नवे कवेलू आणायला जाताना जुना एक नमुन्याला सोबत न्यावा, नाहीतर खाच बसत नाही.

कोन्यांना माल केला एक भाग सिमेंट, एक चुना, सहा रेती. कोने आधी पाण्यात बुडवले, काम ऊन उतरल्यावर केलं, आणि आठवडाभर वर ओली पोती ठेवायला सांगितली. माल कोन्याच्या कडेच्या आत ठेवायचा. बाहेर आला की त्याच्यावरच पाणी थांबतं.

ओसरीची पुढची बल्ली साडेसात फुटांवरून सव्वासहावर आणली. मुलाचं डोकं लागेल की काय, यावर घरात थोडी बाचाबाची झाली. टिन कवेलूखाली नऊ इंच घातलं, वरचं टोक उभं वळवलं. स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशर चपटा होईल इतकाच आवळून; जास्त आवळला की तो फाटतो. जुन्या भोकांना डांबरी वॉशर घालून बोल्ट मारले.

शेवटी बादलीनं पाणी टाकून पाहिलं, वळचणीकडून सुरुवात करून एकेक ओळ वर. आढ्यावरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि गळतं कुठे ते कळत नाही. कडुलिंबाच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत एक थेंब आला: माकडांनी उडी मारून फोडलेला कवेलू, वरून दिसत नव्हता. तो बदलला. माकडांवर कायमचा इलाज नाही, म्हणून उतरवलेल्यांतले वीसेक खणखणीत कवेलू गोठ्यात उभे रचून ठेवले, आणि भिंतीवर पुन्हा नळी दिसली तर पाऊस संपायची वाट न पाहता बोलवा, असं आजींना सांगितलं.