विश्वास आहे ना, मग रडता कशाला?

दफनविधी आटोपून माणसं पांगू लागली की हा प्रश्न येतो. सांत्वनसभेनंतर येतो. आमच्या पुरुषांच्या सभेबद्दल कुणी काही ऐकलं की हमखास येतो. "तुमच्या सभेत बाप्ये रडतात म्हणे. पुनरुत्थान मानणाऱ्याला हे शोभतं का?" विचारणारे बहुतेक आमच्या ख्रिस्ती मंडळीतलेच असतात, बहुतेक पुरुष, पुष्कळदा वयानं माझ्याहून मोठे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. शास्त्राची, म्हणजे बायबलची, ओळख करून देत बसत नाही, तुम्हाला ते पाठ आहे. पाठ असूनही हा प्रश्न पडतो, याचाच मला त्रास होतो.

कबरस्तानात सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं वचन १ थेस्सलनीका ४:१३. ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, असं प्रेषित पौल तिथल्या मंडळीला पत्रात लिहितो. आपण त्यातलं 'शोक करू नका' एवढंच उचलतो आणि नुकत्याच विधुर झालेल्या माणसाच्या तोंडावर ठेवतो. त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारातून वाचला तेव्हा याच पौलानं लिहिलं की तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. मिलेतात इफिसच्या मंडळीचे वडील त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले, त्याचे मुके घेतले. वडील म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणारे पुरुष. 'मर्दासारखे वागा' हेही नेहमी ऐकवलं जातं, १ करिंथ १६:१३. चौदावं वचन लगेच पुढे आहे: जे काही करता ते प्रीतीनं करा. तिथपर्यंत वाचणारा क्वचित भेटतो.

आणि पुनरुत्थानाचंच म्हणाल तर मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना प्रभू येशूला पुढचं सगळं ठाऊक होतं. मी त्याला उठवायला जातो, असं शिष्यांना आधीच सांगितलेलं होतं. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे लाजराच्या बहिणीशी, मार्थेशी, बोलून झालं होतं. तरी तो रडला. खात्री असणाऱ्यानं रडू नये असा नियम असता, तर तो सर्वांआधी त्याला लागू पडला असता.

हा वाद जुना आहे. ३८७ साली इटलीतल्या ओस्तिया बंदरात ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनची आई मोनिका वारली. ऑगस्टिननं प्रयत्नपूर्वक डोळे कोरडे ठेवले. त्याचा पोरसवदा मुलगा अदेओदातुस रडू लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. कारण आपलंच: जी ख्रिस्तात गेली तिच्यासाठी आक्रोश शोभत नाही. ऑगस्टिन मन हलकं व्हावं म्हणून स्नानगृहात गेला. उपयोग झाला नाही. झोपून उठल्यावर, एकांतात, देवापुढे तो रडला, आणि पुढे 'कबुलीजबाब' या आत्मकथनात त्यानं ते लिहूनही ठेवलं. आपल्या मराठी मंडळीला तर हे त्याहून सोपं जायला हवं. नामदेव-तुकारामांच्या अभंगांत पुरुष देवापुढे रडतो, भांडतो, रुसतो. तुकारामाच्या सेतूवरूनच मी ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक सांगत. त्यांची पदं आपण उपासनेत गातो, आणि गाताना एखाद्या पुरुषाचा आवाज फुटला की शेजारचा चुळबुळ करतो.

पण मला कळतं की तुमची अडचण वचनांची नाही. भीती आहे ती बाप मोडला तर घर मोडेल याची. ही भीती खोटी नाही. शास्त्रानं ती दावीद राजाचा सेनापती यवाब याच्या तोंडून फार कठोर शब्दांत मांडली आहे.

२ शमुवेल १८ काढा. दावीद महनाईमच्या वेशीत, दोन दरवाजांच्या मध्ये बसला आहे. एफ्राइमच्या रानात त्याचं सैन्य बंड करून उठलेल्या त्याच्याच मुलाच्या सैन्याशी लढतं आहे. निघताना तिन्ही सरदारांना त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं की त्या तरुणाला, अबशालोमाला, सांभाळून घ्या. निरोप घेऊन पहिला धावत येतो अहीमास. राजाचा मुलगा मेला हे यवाबानं त्याला सांगितलेलं आहे. तो म्हणतो, सर्व कुशल आहे, गडबड दिसली, पण काय ते समजलं नाही. (असे अहीमास प्रत्येक मंडळीत असतात, आणि लोक त्यांना धीर देणारे समजतात.) मागून दुसरा निरोप्या, कूशी, येतो आणि खरं सांगतो. दावीद वेशीवरच्या माडीत जातो, जाता जाता रडतो. माझ्या पुत्रा, अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! जिंकलेलं सैन्य पळून आल्यासारखं चोरपावलांनी गावात शिरतं. मग यवाब आत जातो. त्याचं म्हणणं असं: ज्यांनी आज तुझा जीव वाचवला त्यांना तू लाजवलंस. आम्ही सगळे मेलो असतो आणि तो जगला असता तर तुला बरं वाटलं असतं. ऊठ, बाहेर जा, माणसांशी बोल, नाहीतर रात्रीपर्यंत तुझ्यापाशी एकही उरणार नाही. दावीद उठतो आणि वेशीत जाऊन बसतो.

पाहा, यवाबच बरोबर होता, असं तुम्ही म्हणता. पूर्वी या उताऱ्यावर बोलताना मीही यवाबाची बाजू घेत असे, आणि आजही त्याचं निम्मं म्हणणं मला खोडता येत नाही. जीव धोक्यात घालून परतलेल्यांना राजाचं तोंड दिसायलाच हवं होतं. फरक एवढाच की तेव्हा मी अठराव्या अध्यायापासून वाचत असे, आता तेराव्यापासून वाचतो.

तेराव्यात दाविदाचा मुलगा अम्नोन अबशालोमाच्या बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. दावीद फार संतापला, एवढंच लिहिलं आहे. मुलाला जाब विचारल्याचा किंवा मुलीजवळ जाऊन बसल्याचा उल्लेख नाही. अबशालोम बहिणीला गप्प राहायला सांगतो आणि स्वतः अम्नोनाशी बरंवाईट एक अक्षर बोलत नाही. दोन वर्षं. मग मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत त्याचा खून करवतो आणि आजोळी, गशूरला, पळतो. तिथे तीन वर्षं. बाप इकडे मुलासाठी झुरतो, पण त्यानं होऊन निरोप धाडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. यवाबाच्या खटपटीनं मुलगा यरुशलेमेत परत येतो, तर राजाचा हुकूम होतो की त्यानं आपल्या घरी जावं, माझं तोंड पाहू नये. आणखी दोन वर्षं. शेवटी अबशालोम यवाबाचं जवाचं शेत पेटवतो, तेव्हा कुठे भेट घडते. राजा मुका घेतो. काय बोलले ते लिहिलेलं नाही. त्यानंतर मुलगा वेशीत उभा राहून कज्जे घेऊन येणाऱ्या लोकांना काय सांगू लागतो? तुमचं ऐकून घ्यायला राजानं कुणी नेमलेला नाही. ज्याचं सात वर्षं कुणी ऐकलं नाही, त्यानं याच एका वाक्यावर राज्य फिरवलं.

माडीतल्या रडण्यानं राज्य हललं नव्हतं. ते हललं घरातल्या अबोल्यानं, आणि तो पुरुषांचा अबोला होता. यवाबाला हे माहीत असायला हवं होतं. समेट त्यानंच घडवला होता, आणि अबशालोमाच्या छातीत तीन भालेही त्यानंच खुपसले होते. आणखी एक गोष्ट मला सतावते. त्या माडीत दाविदाजवळ बसायला कुणी गेल्याचं लिहिलेलं नाही. पहिला जो गेला, तो त्याला खाली आणायलाच गेला. मधली पायरी कुणी चढलंच नाही.

आमची सभा म्हणजे ती मधली पायरी. तिथे नेमकं काय चालतं, तेही सांगतो.

पाच ते सात पुरुष, आठवा आला की दोन गट. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूनंही सगळ्या शिष्यांतून तिघांनाच जवळ नेऊन सांगितलं की माझा जीव मरणाइतका कष्टी झाला आहे. सव्वा तास, त्याहून जास्त नाही. खुर्च्या गोल. प्रार्थनेच्या मागे पेटी किंवा कीबोर्ड नाही, कारण सुरावर येणारं रडणं सुराबरोबर थांबतं. सुरुवात बायबलातल्या स्तोत्र १३ पासून. सहाच वचनं आहेत: पहिल्या दोनांत तक्रार, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. दोघांनी एकेकदा मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं सावकाश. मग दहा मिनिटं प्रत्येकानं लिहायचं, देवाला उद्देशून, तीन ओळी तक्रारीच्या आणि तीन मागणीच्या. भरवसा लिहायचा नाही. मोकळं सोडलं तर बहुतेक पुरुष पहिल्या ओळीवरून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात, आणि मधलं सगळं पोटात राहतं.

ज्याला वाचून दाखवायचं त्यानं दाखवावं, चार मिनिटांत. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, उलट वचन सांगायचं नाही, 'माझंही असंच झालं' म्हणायचं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर चांगले होते, बोलू लागले तिथून बिघडले. कुणी रडू लागलं तर पाठ थोपटायची नाही, लगेच रुमाल पुढे करायचा नाही. दोन्हींचा अर्थ 'पुरे आता' असा पोचतो. वाचून झालं की सगळ्यांनी 'प्रभू, ऐक' एवढंच म्हणायचं आणि एक मिनिट शांत राहायचं. शेवटी पाचवं-सहावं वचन एकत्र. ज्याला म्हणवत नाही त्यानं गप्प राहावं, त्याला कुणी विचारणार नाही. कागद ज्याचा त्यानं न्यायचा. स्तोत्र ८८ महिन्याभरानंतर घ्यावं, ते अंधारातच संपतं. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झालाय, त्याला आधी विचारल्याशिवाय ते उघडू नये.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे साक्ष देण्याच्या, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगण्याच्या, सवयीनं. आपल्या साक्षीत दुःख नेहमी भूतकाळात असतं: होतो, झालं, प्रभूनं सोडवलं. ज्याचं दुःख अजून चालू आहे त्याला उभं राहायला जागाच नसते. दुसरं रागाचं. पुष्कळ पुरुषांना घरात तेवढी एकच भावना दाखवायची मुभा मिळालेली असते, त्यामुळे दुःखही रागाच्या वाटेनंच बाहेर पडतं. त्यांना आम्ही स्तोत्र १०९ किंवा १३७ देतो, शत्रूवरच्या संतापाची स्तोत्रं. तो राग देवापुढे बोलला गेला तर घरच्यांवर निघायचा टळण्याची शक्यता असते. शक्यताच म्हणतो, खात्री देत नाही.

तिसरं सगळ्यांत गंभीर. बायकोवर हात उचलणारा माणूस सभेत येऊन ढसाढसा रडतो आणि हलका होऊन घरी जातो. दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजाही त्याच्यापुढे मोठ्यानं रडला होता, आणि दोनच अध्यायांनी तीन हजार माणसं घेऊन पुन्हा त्याच्या मागावर निघाला. अशा वेळी 'इथलं बाहेर सांगायचं नाही' हा नियम मोडतो. आधी तिची सुरक्षितता, मग बाकीचं. अश्रू म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे तुमचं म्हणणं इथे मला पूर्ण मान्य आहे.

आणि सभा म्हणजे औषधोपचार नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलेली असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील तर डॉक्टर गाठायचा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करायचा. मरणाच्या गोष्टी निघाल्या तर त्याच दिवशी, आठवडे मोजत बसायचं नाही. प्रार्थना उपचाराबरोबर, उपचाराऐवजी नाही. भारतात २०२२ साली आत्महत्या केलेल्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष होते. तुम्ही मला शोभतं का विचारता तेव्हा हा आकडा माझ्या डोक्यात असतो, आणि माझा आवाज चढतो तो त्यामुळे.

दफनविधी चालवणाऱ्या पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं, काय, याचं उत्तर मात्र माझं पक्कं नाही. कबरेशी वाचताना त्याचाच गळा दाटला तर? आम्ही दुसरा वाचक जवळ उभा ठेवतो, त्याच पानावर पुस्तक उघडून. पाळक थांबला की त्याच वचनापासून तो पुढे वाचतो, पाळक तिथेच उभा राहतो. काही घरांना हे आवडत नाही. आम्हाला धरून ठेवणाराच कोसळला, असं ते म्हणतात. काही घरं म्हणतात, त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की कुणी आमच्याबरोबर आहे. यवाबाचं निम्मं म्हणणं मला इथेच अडवतं. तूर्त एवढंच ठरलं आहे की दुसरा वाचक ठेवायचा, आणि पुस्तक कुणी घ्यायचं ते विधीच्या आधी घरच्यांना विचारायचं.