कॉइललाच विचारा मजला किती हलतोय : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तांब्याची तार, वार्निशचा वास, इन्सुलेशन तपासायचा मेगर हे सगळं मी शाळेत असल्यापासून बघतोय. पुढे मी आणि धाकट्या भावाने धंदा हातात घेतला, जळालेल्या मोटारी भरून देणं चालूच होतं, पण आपलं स्वतःचं काहीतरी बनवावं ही खुमखुमी दोघांनाही होती.

वळण मिळालं ते गेज (मापं तपासायची साधनं) बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यांची इन्स्पेक्शन रूम लोखंडी मेझनाइनवर, म्हणजे मधल्या अर्ध्या मजल्यावर, आणि शेजारीच पॉवर प्रेस. प्रेसचा स्ट्रोक पडला की मजला थरथरायचा, डायलचा काटा नाचायचा, मग मायक्रॉनचं माप घ्यायचं कसं? मोजलं तर मजला ११ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ११ वेळा, हलत होता. मजल्याचा बीम जाड करायचा तर काम बंद ठेवावं लागणार, ते त्यांना जमणारं नव्हतं.

आम्ही बीमला खालून ॲक्च्युएटर, म्हणजे विजेवर जोर लावणारं यंत्र, लावला. कॉइल बीमला पक्की आणि निओडिमियम मॅग्नेट त्याच्या लोखंडी चौकटीसकट (योक) मऊ स्प्रिंगवर, म्हणजे मॅग्नेट हेच वजन. करंट सोडला की मॅग्नेट ढकलला जातो आणि तेवढाच उलटा जोर बीमवर येतो. हा जोर बीमच्या वेगाच्या विरुद्ध लावला की थरथर शमते, यालाच डँपिंग म्हणतात. पण करंट किती आणि कुठल्या दिशेने सोडायचा हे ठरवायला बीमचा वेग कळायला पाहिजे. त्यासाठी सहसा वेगळा सेन्सर लावतात, मग त्याची वायर, त्यावर उडणारं तेल, त्याचा खर्च आलाच. खरं तर मॅग्नेटजवळ तार हलली की तारेत व्होल्टेज येतं हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलंय, म्हणजे जी कॉइल जोर लावते तीच वेगही सांगते! टोकांवरच्या व्होल्टेजमधून करंट गुणिले रेझिस्टन्स वजा करा, इंडक्टन्सचा (करंट बदलताना कॉइल जो विरोध करते त्याचा) वाटा वजा करा, उरतो तो वेगाचा. हा वेग मॅग्नेटच्या तुलनेतला, पण स्प्रिंगवरच्या मॅग्नेटची स्वतःची झुलायची फ्रिक्वेन्सी साधारण ४ हर्ट्झ आहे, त्यामुळे ११ हर्ट्झला तो जवळजवळ जागेवरच राहतो आणि हलतो तो बीम. ही कल्पना आमची नाही, संशोधनात ती बरीच जुनी आहे, पण ती शॉप फ्लोअरवर दिवसभर चालवून दाखवणं हे आमचं काम.

आणि खरी कसोटी तिथेच आहे, तापमानाची. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ५० अंशांनी तापली की ८ ओहमची साडेनऊच्या वर जाते. वजाबाकी जुन्याच आकड्याने केली तर वेग चुकीचा येतो. आकडा कमी धरला तर डँपिंग मरतं, जास्त धरला तर लूप (वेग मोजून जोर लावायचं चक्र) अस्थिर होऊन मॅग्नेट स्वतःच धडधडायला लागतो. म्हणून आम्ही कॉइलमधून एक बारीकसा डीसी करंट सतत सोडतो, त्यावरून रेझिस्टन्स चालू कामातच मोजला जातो आणि कंट्रोलर आकडा बदलत राहतो. मॅग्नेट त्याने किंचित सरकतो, त्याने बिघडत काही नाही.

इथे वडिलांचा हात फार उपयोगी पडला, त्यांच्या वाइंडिंगमध्ये तारेला तार लागून बसते, ताण सगळीकडे सारखा, कॉइल नीट भरली की तेवढ्याच जागेत जोर जास्त मिळतो आणि उष्णताही बाहेर पडते. आजही पहिली कॉइल तेच तपासतात.

त्या गिऱ्हाइकाकडे आता प्रेस चालू असताना मापं घेतात. सध्या आम्ही लांब बोरिंग बारच्या (भोक मोठं करायच्या हत्याराच्या दांड्याच्या) चॅटरवर, म्हणजे कापताना होणाऱ्या थरथरीवर, काम करतोय, तिथे फ्रिक्वेन्सी कितीतरी वर असते, त्यामुळे इंडक्टन्सची वजाबाकी जास्त काटेकोर लागते. तुमच्याकडे असा थरथरणारा मजला असेल तर आधी त्याची फ्रिक्वेन्सी मोजून घ्या, ती ५-६ हर्ट्झ निघाली तर आमचं आत्ताचं मॉडेल चालणार नाही, त्याला आणखी मऊ स्प्रिंग आणि जड मॅग्नेट लागेल, तसं आम्ही आधीच सांगतो.