कंपनीचा मॅच: ऑफर लेटरमधला आकडा आणि पदरात पडणारा आकडा

भारतातून नव्याने अमेरिकेत नोकरीला आलेल्या माणसाच्या डोक्यात पीएफ असतो. पीएफमध्ये आपल्याला डोकं चालवावंच लागत नाही, बेसिकचे १२ टक्के आपले कापले जातात, कंपनी तिचे १२ टक्के भरते (त्यातला काही भाग पेन्शनला जातो ते सोडा), विषय संपला. ४०१के, म्हणजे इथलं कंपनीमार्फत चालणारं रिटायरमेंट खातं, म्हटलं की लोकांना वाटतं हेही तसंच असेल. नाहीये. इथे मॅच द्यायचा की नाही, किती द्यायचा हे कंपनी ठरवते, आणि मॅच याचा अर्थच असा की तुम्ही आधी टाकाल तर त्या हिशोबाने ती टाकणार. तुमचं शून्य, तर मॅचही शून्य. "सेटल झालो की बघू" म्हणत पोर्टलवर लॉगिनच न करणारे भरपूर असतात, आणि त्या काळातला मॅच नंतर कोणी भरून देत नाही.

कंपनी हे देते तरी का, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. १९७८ च्या टॅक्स कायद्यात ४०१(के) हे कलम आलं, आणि १९८० मध्ये टेड बेना नावाच्या पेन्सिल्व्हेनियातल्या बेनिफिट्स कन्सल्टंटने त्यातून आजच्यासारखा प्लॅन बसवला. त्याच्यासमोर अडचण ही होती की प्लॅन फक्त साहेब लोकांच्या सोयीचा असून चालत नाही, कमी पगाराच्या लोकांनीही त्यात पैसे टाकायला हवेत, आणि ते आपणहून कशाला टाकतील? म्हणून मग गोडी लावायला मॅच. आजही तेच गणित आहे, खालच्या पगारवाल्यांनी पुरेसं टाकलं नाही तर वरच्यांना किती टाकता येईल यावर बंधन येतं, त्यासाठी दरवर्षी टेस्ट होते. म्हणजे कंपनी दानधर्म करत नाहीये, तिची गरज आहे, आणि तुमच्या पॅकेजचा तो भाग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अटी वाचायला संकोच वाटत नाही.

आता फॉर्म्युला. "५० टक्के मॅच, ६ टक्क्यांपर्यंत" हे वाक्य वाचून अर्धी जनता समजते की कंपनी ६ टक्के देणार. तसं नाही. तुम्ही पगाराच्या ६ टक्के टाकायचे, त्याच्या निम्मे म्हणजे ३ टक्के कंपनी देणार. तुम्ही १० टक्के टाकलेत तरी तिचे ३च, आणि ४ टाकलेत तर तिचे २. दुसरा नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे पहिल्या ३ टक्क्यांवर पूर्ण आणि पुढच्या २ टक्क्यांवर निम्मं, म्हणजे तुमचे ५, त्यांचे ४. हा सेफ हार्बरवाला, यात कंपनीची ती टेस्टची कटकट वाचते आणि त्या बदल्यात मॅच पहिल्या दिवसापासून तुमचा. (ऑटो-एनरोलमेंटवाल्या, म्हणजे कंपनी आपणहून तुमचं नाव घालते अशा, सेफ हार्बरमध्ये दोन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात.) आणि हो, ऑटो-एनरोल झालोय म्हणून निवांत राहू नका, बऱ्याच ठिकाणी सुरुवात ३ टक्क्यांनी होते आणि पूर्ण मॅचसाठी ५ किंवा ६ लागतात, मधला फरक तुम्हालाच जाऊन वाढवावा लागतो.

खरी मेख पुढे आहे, आणि ती जास्त पगारवाल्या, हुशार, एक्सेल शीट ठेवणाऱ्या लोकांनाच लागते. बऱ्याच कंपन्या मॅचचा हिशोब वर्षाचा एकत्र करत नाहीत, दर पेचेकला करतात. समजा पगार १,२०,००० डॉलर, महिन्यात दोन पेचेक, म्हणजे दर पेचेक ५,००० चा. मॅच तोच, ६ टक्क्यांपर्यंत निम्मा. दर पेचेकला कंपनीचे १५० डॉलर, वर्षाचे ३,६००. आता एखादा म्हणतो की पैसे लवकर मार्केटमध्ये गेले तर बरं, आणि जानेवारीपासून ४० टक्के लावतो, दर पेचेक २,०००. २०२६ ची आपली स्वतःची लिमिट २४,५०० आहे (पन्नाशीच्या आतल्यांसाठी, आणि कंपनीचा मॅच यात धरत नाहीत), तर तेराव्या पेचेकला, जुलैच्या आसपास, लिमिट संपते. पुढच्या ११ पेचेकला तुमच्याकडून काही जात नाही, म्हणून कंपनीकडूनही नाही. मिळाले १,९५०, गेले १,६५०. एवढी सगळी शिस्त पाळून वर्षाला दीड हजाराच्या वर पाणी सोडायचं!

यावर उतारा म्हणजे ट्रू-अप. ज्या प्लॅनमध्ये तो असतो तिथे वर्ष संपल्यावर कंपनी पूर्ण वर्षाचा हिशोब परत मांडते आणि कमी पडलेला मॅच टाकते. पण तो सगळीकडे नसतो, आणि असला तरी बऱ्याचदा ३१ डिसेंबरला तुम्ही नोकरीवर असायला हवं अशी अट असते, तेव्हा सप्टेंबरात नोकरी बदलणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. एचआरला एका ओळीचा ईमेल टाका, मॅच दर पेचेकचा की वर्षाचा, आणि ट्रू-अप आहे का. उत्तर गोलमोल आलं तर समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (प्लॅनचे नियम सांगणारी पुस्तिका) मागा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे. आणि ट्रू-अप नसेल तर टक्का असा लावा की डिसेंबरच्या शेवटच्या पेचेकपर्यंत तुमचे ६ टक्के तरी जात राहतील.

मग येतं व्हेस्टिंग, म्हणजे कंपनीचे पैसे खरोखर तुमचे कधी होतात ते. तुम्ही स्वतः टाकलेले पैसे कायम तुमचेच, त्याला कोणी हात लावू शकत नाही. कंपनीचे मात्र खात्यात दिसतात तरी तुमचे असतीलच असं नाही. कायद्याने कंपनी जास्तीत जास्त दोन पद्धतीने लांबवू शकते: एक तर तीन वर्षांपर्यंत काहीच नाही आणि तीन झाल्यावर सगळं, नाहीतर दुसऱ्या वर्षाला २० टक्के आणि तिथून दरवर्षी २० वाढत सहाव्या वर्षी पूर्ण. पहिल्या पद्धतीत दोन वर्षं अकरा महिन्यांनी राजीनामा देणाऱ्याचा अख्खा मॅच परत जातो, प्लॅनचा खर्च भागवायला किंवा इतरांचा मॅच द्यायला वापरला जातो. नोकरी बदलताना नव्या ऑफरच्या पगारात आणि जॉइनिंग बोनसमध्ये लोक आठवडा घालवतात, पण पोर्टलवर व्हेस्टेड बॅलन्स नावाची वेगळी ओळ असते ती उघडून बघत नाहीत. कधीकधी जॉइनिंगची तारीख थोडी पुढे ढकलली तरी काही हजार डॉलर वाचतात.

"मी दोन-तीन वर्षांत परत जाणार, मग कशाला टाकू?" हेही सारखं ऐकू येतं. व्हिसाचा आणि या पैशांच्या मालकीचा काही संबंध नाही. परत गेलात तरी खातं तुमचंच राहतं. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढलेत तर टॅक्स आणि वर साधारणपणे १० टक्के पेनल्टी, हे खरं. पण मॅच पहिल्या दिवसापासून व्हेस्ट होत असेल आणि निम्मा का होईना मिळत असेल, तर पेनल्टी भरूनही सहसा फायद्यातच राहता. तीन वर्षांचं व्हेस्टिंग आणि दोन वर्षांत परतीचं नक्की, असं असेल तर मात्र तो मॅच हिशोबात धरूच नका, बाकी कारणांनी टाकायचे तर टाका.

लेऑफमध्ये गेलेल्यांसाठी एक गोष्ट, जी एक्झिट मीटिंगमध्ये कोणी आपणहून सांगेल असं नाही. कंपनीने प्लॅनमधल्या साधारण २० टक्के किंवा जास्त लोकांना काढलं असेल तर कायदा त्याला बहुतेक वेळा प्लॅन अंशतः बंद झाल्यासारखं धरतो, आणि मग काढलेल्या सगळ्यांचा मॅच पूर्ण व्हेस्ट करावा लागतो, तुमचे सहाच महिने झाले असले तरी. मोजणी सहसा वर्षभराची असते, त्यामुळे मार्चमध्ये थोडे आणि ऑक्टोबरमध्ये थोडे असं काढलं तरी बेरीज होऊ शकते. अनव्हेस्टेड रक्कम खात्यातून गेली असेल तर एचआरला आणि प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला लेखी विचारा की पार्शल प्लॅन टर्मिनेशन लागू झालं का, आणि नसेल तर कुठल्या आकड्यांवरून नाही.