जीडीआय विरुद्ध ब्रूटल स्क्रिन: चौदा मॅच, तीन विजय

मागच्या नोंदीत 'महिन्याभरात ब्रूटलला लोळवतो' असं छातीठोक लिहून बसलो होतो. (ब्रूटल म्हणजे माझ्या आवडत्या कॉम्प्युटर गेममधला सगळ्यात अवघड पातळीवरचा कॉम्प्युटर.) लोळवलं, पण त्याआधी आमचीच माती झाली. हिशोब आधीच सांगून टाकतो: १४ मॅच, ३ जिंकल्या, १० हरलो आणि एक वीज गेल्यामुळे अधांतरी. ती एक मी जिंकतच होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. भाच्याचं तसं नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. खेळ तोच, कमांड अँड कॉन्कर ३: टायबेरियम वॉर्स, ईए लॉस एंजेलिसचा, २००७ चा. माझी बाजू जीडीआय, म्हणजे पृथ्वीवरच्या सरकारांची फौज, समोर कॉम्प्युटर, त्याची बाजू स्क्रिन, म्हणजे परग्रहावरून आलेली जमात. (स्क्रिन ऱ्हस्व. लॅपटॉपची ती स्क्रीन दीर्घ. मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं.) नकाशा टुर्नामेंट अरीना, दोनच खेळाडू, सुरुवातीला १०,००० क्रेडिट. मोहिमा खेळून झाल्या असतील तरी स्किर्मिशमधला (म्हणजे कथेशिवायच्या सुट्या लढायांमधला) ब्रूटल हा वेगळाच प्राणी आहे. त्यातही त्याचे स्वभाव निवडता येतात: रशर, टर्टल, स्टीमरोलर, गरिला, बॅलन्स्ड. मी मुद्दाम रशर आणि स्टीमरोलर हे दोनच घेतले. गरिला नंतर बघू. गनिमी काव्यात आपण हरलो तर घरी सांगायची सोय नाही.

पहिल्या चार मॅच रशरसमोर, म्हणजे सुरुवातीलाच धावून येणाऱ्यासमोर, आणि चारही हरलो. कारण एकच, बझर्स. ज्यांनी फक्त नॉडशी, म्हणजे खेळातल्या तिसऱ्या, बंडखोर माणसांच्या बाजूशी, लढाया केल्यात त्यांना ही चीज कळायची नाही. पात्यांचा गरगरता थवा. पायदळावर आला की पाच-सात सेकंदांत पथक साफ. नॉडसमोर मी सवयीने रायफलवाले रिकाम्या इमारतीत कोंबून ठेवायचो आणि निवांत व्हायचो. बझर्स थेट इमारतीत शिरतात आणि आतली माणसं कापून काढतात. पहिल्या मॅचमध्ये बेसच्या तोंडाशी तीन इमारती भरून ठेवल्या होत्या. तिन्ही रिकाम्या झाल्या आणि मी तोवर रिफायनरी कुठे ठेवायची याचा विचार करत होतो. उपाय साधा निघाला: दोन वॉचटॉवर, लवकर. पाचव्या मॅचला रशरची पहिली लाट तिथेच अडली. मग मला वाटलं जमलं. मग मदरशिप आली.

मदरशिपबद्दल, म्हणजे स्क्रिनच्या अवाढव्य उडत्या जहाजाबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण ही चूक माझ्या हाताला लागलेल्या वळणाची आहे. मी बेस चाळीसारखा बांधतो. भिंतीला भिंत, पॉवर प्लांटला खेटून रिफायनरी, तिला खेटून बराकी. एक तर नीटनेटकं दिसतं आणि दुसरं म्हणजे कमी टॉवरमध्ये राखण होते. मदरशिप खाली एक किरण सोडते. तो ज्या इमारतीवर पडतो ती तर जातेच, पण स्फोट शेजारच्या इमारतीत उडी घेतो, तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. दिवाळीत फटाक्यांच्या माळेला एका टोकाला काडी लावावी तसं. अकरा इमारती होत्या. मी मोजल्या, कारण तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. शेवटी कोपऱ्यात एक एअरफील्ड उरली, तीही मी चुकून लांब ठेवली होती म्हणून.

गंमत म्हणजे मदरशिप भयंकर मंद आहे. बैलगाडी बरी. ती येताना दिसते, आणि दिसत राहते. तेवढ्या वेळात पिटबुल, मिसाइलवाले, जे काही आकाशात मारू शकतं ते सगळं तिच्या वाटेवर नेऊन उभं करायचं, बेसवर पोहोचायच्या आधी. आणि इमारतींमध्ये मोकळी जागा सोडायची. आता माझा बेस विस्कटलेला दिसतो, पण जळतो तेव्हा एकेकच जळतो.

मधे लॅपटॉपचं एक सांगायला हवं. हा खेळ ३० फ्रेमला बांधलेला आहे, आणि फ्रेम त्याखाली घसरल्या की खेळाचं घड्याळच हळू चालतं. माझं यंत्र जुनं. मोठी लढाई सुरू झाली की सगळं मधाच्या बरणीत पडल्यासारखं होतं. कॉम्प्युटरला त्याचा काही फरक पडत नाही, पण मला विचार करायला दुप्पट वेळ मिळतो. म्हणजे माझे तीन विजय कायद्याने किती धरायचे ते तुम्हीच ठरवा. नवीन यंत्र घ्यायचं नाही हे मात्र ठरलं.

सहावी ते दहावी मॅच स्टीमरोलरसमोर. हा घाई करत नाही. फौज साठवतो आणि मग वरवंटा फिरवतो. त्यात डेव्हास्टेटर वॉरशिप असतात, ज्या लांबूनच, आपल्या टॉवरच्या टप्प्याबाहेरून बेस फोडतात. माझे प्रीडेटर रणगाडे खाली उभे राहून वर बघतात. त्यांना हवेत मारता येत नाही. आठव्या मॅचला मी हुशारीने फायरहॉक विमानं तयार ठेवली, चार. पाठवली. चारही डेव्हास्टेटरच्या आसपास घिरट्या घालून परत आली, एकही गोळी न झाडता. भाचा शेजारीच बसला होता.

'मामा, तू बॉम्ब भरलेयस.'

बॉम्बच भरले होते. फायरहॉकला एअरफील्डवर असताना ठरवावं लागतं, बॉम्ब की हवेत मारायची मिसाइल. हवेत गेल्यावर बदल नाही. परत उतरवून मिसाइल भरेपर्यंत एअरफील्डच नव्हती.

इथवर सगळं माझ्या गाढवपणाचं वर्णन झालं. खरं वळण दहाव्या मॅचनंतर आलं आणि ते स्किर्मिशमध्ये आलंच नाही. नॉडची मोहीम वर्षानुवर्षं अर्धवट पडली होती. ती भाच्याने हट्टाने पूर्ण करायला लावली. जीडीआय आणि नॉड दोन्ही संपवल्या की स्क्रिनची मोहीम उघडते. चारच मिशनची आहे, एका शनिवारी संपते. पण तिने माझं डोकं फिरवलं.

गोष्ट अशी आहे. २०४७ साल. टायबेरियम हे परग्रहावरून आलेलं, पसरत जाणारं विषारी स्फटिक; त्याच्याच तोडणीवर खेळातले पैसे मिळतात. पृथ्वीचा ३० टक्के भाग रेड झोन (त्याने पूर्ण गिळलेला), ५० टक्के यलो (अर्धवट बाधित), उरलेला २० टक्के ब्लू (सुरक्षित). साराजेव्होच्या टेंपल प्राइमवर, म्हणजे नॉडच्या मुख्यालयावर, जीडीआय आयन कॅनन ही अंतराळातली तोफ डागते, तिथलं द्रवरूप टायबेरियम फुटतं, आणि तो स्फोट सूर्यमालेच्या टोकाशी बसलेल्या स्क्रिनना दिसतो. जीडीआयच्या बाजूने खेळताना हे सगळं आक्रमण वाटतं. म्युनिकवर हल्ला, कोलोनवर हल्ला, जनरल ग्रेंजर म्हणून अभिनेता मायकेल आयर्नसाइड कपाळाला आठ्या घालून सांगतोय की ते आलेत. स्क्रिनच्या बाजूने खेळलात की कळतं, ते लढायला आलेच नव्हते. तिथे तुम्ही कोण असता? फोरमन ३७१.

फोरमन म्हणजे मुकादम!

अक्षरशः मुकादम. पीक तयार झालं असा निरोप आला म्हणून तोडणीची टोळी घेऊन निघालेला. त्यांच्या अंदाजाने टायबेरियमने एव्हाना सगळा ग्रह गिळलेला असायला हवा होता, वर कोणी जिवंत नको होतं. इथे येऊन बघतो तर ऊस कोवळा, आणि मालक बंदूक घेऊन बांधावर उभा. मग टोळीसोबत आलेल्या राखणदारांनाच सैन्य म्हणून पुढे करायची वेळ येते. वरून त्यांच्या स्वतःच्या साहेबाचा दट्ट्या वेगळाच.

भाचा म्हणाला, 'मग यांच्याशी कशाला लढायचं? यांची तोडणी बंद पाड.'

दहावीतल्या मुलाला जे एका वाक्यात कळलं ते मला दहा मॅच हरून कळलं नव्हतं. मी त्यांच्या फौजेच्या मागे लागलो होतो. टायबेरियम शेतातून एक्स्ट्रॅक्टरपर्यंत (त्यांच्या रिफायनरीपर्यंत) आणणाऱ्या त्यांच्या तरंगत्या हार्वेस्टरकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

अकरावी मॅच, स्टीमरोलर. बदल एवढाच केला की सुरुवातीलाच क्रेन बांधली, म्हणजे इमारतींची दुसरी रांग चालू झाली, आणि वॉर फॅक्टरी झाल्या झाल्या रणगाड्यांऐवजी तीन पिटबुल काढले. पिटबुल म्हणजे पत्र्याची जीप. धक्का लागला तरी फुटते, पण पळते वाऱ्यासारखी. तिघींना नकाशाच्या कडेकडेने त्यांच्या शेतात पाठवलं. हार्वेस्टर एकटाच होता. फोडला. आणि तिथेच उभं राहून 'वा' म्हणालो.

स्क्रिनचा हार्वेस्टर फुटला की जागेवर आयन वादळ सोडून जातो. जांभळट ढग, त्यातून विजा. तीनपैकी दोन पिटबुल तिथेच गेल्या. शिकलो: लांबून मारा, फुटायच्या बेतात आला की पाय काढायला लागा. पुढच्या दोन जीप आल्यावर तसंच केलं. मारायचं, पळायचं, शेताच्या दुसऱ्या टोकाला थांबायचं, नवा हार्वेस्टर आला की पुन्हा. कॉम्प्युटर दर वेळी इमानदारीत नवीन हार्वेस्टर विकत घेतो. त्या पैशात त्याचे डेव्हास्टेटर होणार होते.

वरवंटा आला तेव्हा तो वरवंटा नव्हता, पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता. दोन गन वॉकर, काही डिसइंटिग्रेटर, एक डेव्हास्टेटर. फायरहॉकमध्ये या वेळी मिसाइल होती (तीनदा तपासून). नंतर दोन जगरनॉट काढले आणि एक स्नायपर जोडी त्यांच्या बेसशेजारी नेऊन बसवली. स्नायपर स्थिर बसला की दिसत नाही, आणि त्याला जे दिसतं त्यावर जगरनॉट लांबून तोफा डागू शकतो. जीडीआयकडे याहून समाधानाची गोष्ट दुसरी नाही. समोरच्याला कळत नाही कुठून येतंय आणि इमारती पडत राहतात. शेवटची पडली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. ओरडताही येईना, घरचे झोपलेले.

बारावी जिंकत होतो, वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आठ मिनिटं टिकते. सेव्ह करायचं सुचलं नाही.

तेरावी मात्र जपून ठेवावी अशी झाली. यात हार्वेस्टर मारण्यात मी ढिला पडलो आणि त्यांचे दोन ॲनाइहिलेटर ट्रायपॉड उभे राहिले. ३,००० क्रेडिटचं एकेक धूड, तीन पायांवर डुलत येतं, तीन हात तीन दिशांना मारतात. माझ्याकडे रेलगन लावलेले चार प्रीडेटर आणि एक मॅमथ, म्हणजे सगळ्यात जड रणगाडा. डी धरून क्लिक केलं की रणगाडे तोंड न फिरवता मागे येतात हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आजच शिका. मागचं चिलखत पातळ असतं, पाठ दाखवून पळालात की मेलात. तसेच मागे सरकत, मारत मारत एक ट्रायपॉड आडवा केला. तो पूर्ण नाहीसा होत नाही, सांगाडा पडून राहतो. आणि सांगाड्यात इंजिनिअर शिरला की तो आपला होतो.

इंजिनिअर ५०० चा. हातात शस्त्र नाही, चाल वरातीतल्या म्हाताऱ्यासारखी. पहिला निघाला. अर्ध्या वाटेत बझर्सचा एक थवा डावीकडून आला आणि खेळ खलास. दुसऱ्याला मॅमथच्या आडोशाने नेला. मॅमथ पुढे, हा मागे, शाळेतल्या पोराला आईने रस्ता ओलांडून द्यावा तसा. दुसरा ट्रायपॉड मॅमथवर किरण सोडत होता. मॅमथची पट्टी पिवळी झाली, मग लाल. इंजिनिअर सांगाड्याशी पोहोचला, आत गेला, आणि एका क्षणात ते तीन पायांचं धूड माझ्या रंगात उठून उभं राहिलं. पाठ माझ्याकडे, तोंड त्याच्याच भावाकडे.

भाच्याने टाळी मारली ती माझ्या हातावर नाही, डोक्यावर.

तो ट्रायपॉड अर्धमेला होता. रिग, म्हणजे उघडून छोटा तळ होणारी गाडी, पुढे नेऊन बॅटल बेस उघडला, त्यातल्या ड्रोननी त्याची डागडुजी केली, आणि त्यानेच शेवटी त्यांचा एक्स्ट्रॅक्टर फोडला. चौदावी मॅच रशरची होती, बारा-तेरा मिनिटांत उरकली, सांगण्यासारखं काही नाही. त्याचा हार्वेस्टर सुरुवातीलाच गेला.

ज्यांना फाइलींमध्ये हात घालायची हौस आहे त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२५ मध्ये ईएने जुन्या चार खेळांचा सोर्स कोड खुला केला, तेव्हा सेज इंजिनवरच्या (टायबेरियम वॉर्सही ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या) खेळांसाठी मॉडिंगचं, म्हणजे खेळात आपले बदल करायचं, साहित्यही दिलं. टायबेरियम वॉर्सचा कोड त्यात नाही, पण एक्सएमएल आणि नकाशांच्या फाइली आहेत. मी उघडून बसलोय. एक छोटा नकाशा करायचा आहे, ज्यात शेत मधोमध एकच आणि दोन्ही बाजूंना तिथूनच तोडणी करावी लागेल.

पुढची नोंद उलट्या बाजूने. भाचा म्हणतोय, आता आपण स्क्रिन घ्यायचे आणि जीडीआय ब्रूटल ठेवायचा, आणि मुकादम तो होणार. मला पिटबुल हाकलायच्या कामावर ठेवलंय.